भिंतीत गेलेली मुलं

एका राज्यात उन्हाळा आला, पण मुलं बाहेर आली नाहीत.

चैत्र सरला, वैशाख तापला. कैऱ्या पाडाला लागल्या, त्यांच्यावर कुणी दगड मारला नाही. करवंदं पिकली आणि जाळीतच सुकली. डोहात कुणी उडी टाकली नाही, म्हणून डोहाचं पाणी मुकाट पडून राहिलं. संध्याकाळी वारा मैदानावर यायचा, मूठभर धूळ उचलायचा, आसपास कुणी नाही असं पाहून ती तिथेच टाकायचा आणि निघून जायचा.

त्या राज्याची राणी मेखला महालात येरझाऱ्या घालीत होती. सज्जातून दालनात, दालनातून सज्जात. बसली की उठायची, उठली की कशाला उठले ते विसरायची. पुढ्यात ताट आलं तर घास हातातच राहायचा. दासींनी पंखा हलवला तर म्हणायची, "पुरे." पंखा थांबला तर म्हणायची, "का थांबलात?"

तिचा जीव असा थाऱ्यावर नव्हता, कारण जे झालं होतं ते तिनेच मागून घेतलं होतं.

मागल्या उन्हाळ्यात तिची एकुलती एक मुलगी, राजकन्या हंसावली, बागेतल्या जांभळावर चढली. जांभळाची फांदी ठिसूळ, ती कडाडून मोडली. हंसा खाली आली, हात मोडला, अंगात ताप भरला. राणी तिच्या उशाशी बसून राहिली. पुढे हात सांधला, ताप उतरला, हंसा पुन्हा बागेत हुंदडू लागली. पण फांदी मोडल्याचा तो आवाज राणीच्या कानातून काही गेला नाही. ऊन चढू लागलं, झाडांना पालवी फुटली, तशी राणीची झोप उडाली. तिने राज्याबाहेर राहणाऱ्या कालांजन जादूगाराला बोलावणं धाडलं.

कालांजन आला. खांद्यावर रिकामं पोतं, पायात काही नाही.

"काय हवं?" त्याने विचारलं.

"माझ्या मुलीला ऊन लागू नये, काटा बोचू नये, ती पडू नये. माझ्याच नव्हे, राज्यातल्या एकाही मुलाला इजा होऊ नये."

"कधीच?"

"कधीच."

"दिलं," कालांजन म्हणाला. "मुलं जे टाकून देतील, ते माझं."

राणीला हा मोबदला फारच थोडा वाटला. तिने मान डोलावली.

जादूगाराने नगरातल्या भिंतींवर फुंकर घातली. भर चैत्रात भिंती माठासारख्या गार झाल्या. उन्हातून पळत आलेली मुलं भिंतीला पाठ टेकून बसली ती उठेनातच. मैदानात भोवरे पडून राहिले, गोट्या पडून राहिल्या, विटी एकीकडे आणि दांडू दुसरीकडे. कालांजनाने ते सगळं वेचलं, पोत्यात भरलं आणि तो चालता झाला.

पहिल्या पहिल्यांदा आया खूश झाल्या. कुणाचा गुडघा फुटत नव्हता, कुणाच्या नाकाचा घोळणा फुटत नव्हता, कुणी चिखलाचे पाय घेऊन घरात येत नव्हतं. मग एके दिवशी तेल्याच्या मुलाची टाच भिंतीपासून सुटेना. आईने वाकून पाहिलं, तर टाच रंगाची झाली होती. गेरूने काढावी तशी, भिंतीवर. दुसऱ्या दिवशी गुडघा गेला, मग कोपर, मग हनुवटी. अखेर सगळा मुलगा भिंतीत गेला. भूक नाही, तहान नाही, डोळे उघडे. त्याला आता कधीच इजा होणार नव्हती.

असं घरोघर झालं.

राजा कीर्तिसेनाने गवंडी बोलावले. गवंड्याने भिंतीला छिन्नी लावताच चित्रातल्या मुलीच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. गवंड्याने छिन्नी खाली ठेवली. तेव्हापासून राजा उपसलेली तलवार मांडीवर घेऊन त्या भिंतीशी बसून होता. लढायचं कोणाशी, ते त्याला कळत नव्हतं.

एकटी हंसा तेवढी उरली होती. तिच्याच्याने एका जागी बसवत नव्हतं म्हणून उरली होती. या खिडकीतून त्या खिडकीत, पलंगावरून चौरंगावर, दाराच्या कडीला लोंबकळ, पायरीवरून उडी मार. राणी तिला सारखी म्हणायची, "हंसे, जरा स्वस्थ बस." आणि आता तेच शब्द राणीच्या घशात काट्यासारखे रुतत होते.

शेवटी हंसाही दमली. तिने डावा हात भिंतीला टेकला. राणीने झेप घेऊन तो ओढला, हात सुटला, पण तळवा पाहते तर सपाट आणि तांबडा. पाच बोटं रंगाची.

"आईसाहेब," हंसा म्हणाली, "मला बोटं मिटता येत नाहीत."

तेवढ्यात सज्जाच्या कठड्यावर एक तांबट येऊन बसला. हिरवं अंग, कपाळी लाल टिळा.

"टुक, टुक," तो म्हणाला. "राणी, ही शेवटची. हीसुद्धा गेली की माझी नक्कल करायला कुणी उरणार नाही."

"उपाय सांग."

"मुलांनी टाकलेले खेळ कालांजनाने वडावर टांगलेत. ते आता खजिना झालेत. खाली उतरवून पुन्हा खेळा, म्हणजे भिंती मुलांना सोडतील."

"आत्ता सेना पाठवते."

"सेनेला खेळता येत नाही. मुलीला घेऊन तू जा. आणि उद्या सूर्य मावळायच्या आत परत ये. भिंतींवरचा रंग अजून ओला आहे. उद्या संध्याकाळी तो वाळेल, मग निघायचा नाही."

"मुलीला नेऊ? या उन्हात?"

"पहाटे निघ. तिच्या डोक्याला ओलं फडकं बांध, पाण्याची सुरई घे, तहान लागायच्या आधी पाज. ऊन म्हणजे काही राक्षस नव्हे, राणी."

उजाडता उजाडता मायलेकी वेशीबाहेर पडल्या. तांबट पुढे, त्या मागे.

आधी लागला माळ. माळाच्या टोकाला नदीकाठची झाडं दिसत होती. राणी झपाझप चालू लागली, हंसाचा चांगला हात तिने घट्ट धरला होता. पण जितकी घाई करावी तितका माळ लांबत गेला. झाडं होती त्याहून लहान दिसू लागली. राणी पळू लागली, तर झाडं नुसते ठिपके झाली.

हंसाचं झाडांकडे लक्षच नव्हतं. कितीतरी दिवसांनी तिचे पाय मातीला लागले होते. माती सकाळच्या उन्हात कोमट झाली होती. एक सरडा दगडावर मान वरखाली करीत होता, हंसानेही मान वरखाली केली. एवढ्यात समोर वावटळ उठली. वाळकी पानं गरागरा फिरली. हंसाने हात सोडवला आणि ती वावटळीमागे धावत सुटली.

"हंसे! वाट सोडू नकोस! मागे फीर!"

राणीने एक हाक मारली, माळ हातभर वाढला. दुसरी मारली, आणखी वाढला. तांबट वरून म्हणाला, "राणी, हाका मारू नकोस. तिच्यामागे जा."

राणी गेली. मुलीला पकडायला म्हणून गेली, पण वावटळीने तिचाच पदर ओढला. पदर धरायला ती एक गिरकी फिरली, मग दुसरी. डोळ्यांत धूळ, तोंडात धूळ. पलीकडून हंसा खिदळत होती आणि ओरडत होती, "आईसाहेब, मधोमध या! मधोमध वारा लागतच नाही!" राणी मधोमध गेली. खरंच तिथे वारा नव्हता. दोघी एकमेकींना धरून गोल गोल फिरत राहिल्या. वावटळ बसली तेव्हा त्यांच्या पायांशी नदी होती.

नदीचं पाणी उन्हाळ्याचं, गुडघाभर. पण उताराच्या तोंडाशी एक म्हातारी मगर आडवी पडली होती. तिच्या पाठीवर शेवाळ होतं आणि शेवाळावर एक बगळा.

"पलीकडे जायचं असेल, तर मला राज्य द्या," मगर म्हणाली.

राणीने गळ्यातला हार काढला. "हा घे."

"हार नको. राज्य हवं."

"राज्य राजाचं आहे. मी माझ्या वाटणीचं निम्मं देते."

"निम्मं कुठे असतं? सगळं द्यावं लागतं."

राणीने सूर्याकडे पाहिलं. सूर्य वर चढत होता. तिने हात चोळले, चार पावलं मागे गेली, चार पुढे आली. कसली वचनं द्यावीत, राजाला काय तोंड दाखवावं, याचा विचार करते आहे तोच हंसा वाकली आणि तिने आपला रंगाचा तळवा मगरीच्या नाकाडावर फटदिशी मारला.

"घे! तुझ्यावर राज्य!"

असं म्हणून तिने पाण्यात धूम ठोकली.

मगरीने डोळे मिचकावले. बगळा उडाला. "मला मिळालं?" मगर म्हणाली. "आता मी काय करायचं?"

"आम्हाला पकडायचं!" हंसा पाण्यातून ओरडली. "पण आधी डोळे मिटून दहा म्हण!"

मगरीने डोळे मिटले. "एक. दोन. तीन. चार." तिला पुढचं येत नव्हतं. म्हणून ती पुन्हा एकपासून सुरू झाली. तेवढ्यात राणीने लुगडं खोचलं आणि पाणी उडवीत, गोट्यांवरून घसरत, ओल्या लुगड्यानिशी ती पळत सुटली. मागून मगरीचं शेपूट पाण्यावर आपटलं. राणीच्या तोंडून किंकाळी निघाली, आणि पैलतीरावर पोचल्यावर तिला कळलं की ती किंकाळी नव्हती, हसू होतं.

मगर काठाशी धापा टाकीत थांबली. "कुणी सापडलं नाही. उद्या याल?"

"येऊ," हंसा म्हणाली. तिने बोटं पाहिली. दोन बोटं मऊ, ओली, खरीखुरी झाली होती. तिने ती मिटून उघडून दाखवली. तीन अजून रंगाचीच होती.

राणीने तिला सुरईतलं पाणी पाजलं, डोक्यावरचं फडकं पुन्हा भिजवलं. भर दुपारी दोघी एका करंजाच्या सावलीला थांबल्या. हंसा खड्यांनी खेळत बसली. राणीचा डोळा सूर्यावरून हलत नव्हता. उन्हं कलली मात्र, ती उठली.

कालांजनाचा वड आभाळाएवढा होता. शेंड्याला सोन्याचं शिंकं टांगलं होतं आणि त्यात काहीतरी लखलखत होतं. बुंध्याशी जादूगार बसला होता, पोतं मांडीखाली घेऊन.

"राणी, मी तुला फसवलं का?"

"नाही. मी मागितलं, तू दिलंस."

"मग का आलीस?"

"मुलांचं नेलेलं परत कर."

"परत घ्यायला वर चढावं लागतं. मोठ्या माणसाचा भार माझा वड घेत नाही. मुलीने चढायचं, तू खाली उभं राहायचं. तुझ्या तोंडून भीतीचा एक शब्द निघाला, तर तिच्या पायाखालची फांदी मोडेल."

"भीतीचा शब्द कोणता?"

"तो तुला पाठ आहे."

राणीने हंसाकडे वळून विचारलं, "चढशील?" पण हंसाचा एक पाय केव्हाच बुंध्यावर होता.

हंसा चढू लागली. सांधलेला हात, त्याला तीन बोटं रंगाची. ती फांदीला कोपराने विळखा घालायची आणि पाय वर ओढायची. राणीच्या घशात शब्दांची गर्दी झाली. जपून. हळू. नको. सांभाळ. बस झालं, खाली ये. एकेक शब्द दातांपर्यंत यायचा आणि राणी तो गिळायची. ती बसली, उठली, बुंध्याभोवती फिरली, पुन्हा बसली.

"वारा सुटलाय," कालांजन हळूच म्हणाला. "सांगत नाहीस तिला? आई आहेस ना?"

राणीने ओठ चावला. ओठातून रक्त आलं.

अर्ध्यावर हंसा थांबली. "आईसाहेब!"

"काय गं?"

"पुढे पाय कुठे ठेवू? मला दिसत नाही."

तोवर राणीने झाडाकडे पाहिलंच नव्हतं. मुलगी जिथे पडेल ती खालची जमीन ती पाहत होती. आता तिने मान वर केली. फांद्या पाहिल्या, गाठी पाहिल्या, कुठली फांदी वाळली आहे आणि कुठली हिरवी, ते पाहिलं.

"उजव्या पायाच्या वर एक गाठ आहे," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण शब्द सरळ होते. "तिच्यावर पाय ठेव. ठेवलास? आता डोक्यावरची फांदी धर. डावीकडची नको, ती वाळकी आहे."

"ही हलतेय!"

"हलू दे. हिरवी आहे, वाकेल."

हंसा वर गेली. पुन्हा वर. शिंकं हातभर राहिलं आणि तिचा पाय निसटला. अंग खाली आलं. चांगल्या हातात एक पारंबी सापडली, तिला धरून ती लोंबकळली, आणि पारंबी झुलू लागली.

राणीचं तोंड उघडलं. कालांजन पुढे झुकला.

"हंसे!" राणी ओरडली. "झोका घे! मोठा घे!"

हंसाने पाय आखडले आणि फेकले. झोका गेला, आला, पुन्हा गेला, आणि हंसा शिंक्याखालच्या फांदीवर दोन्ही पायांनी उतरली. फांदी वाकली. मोडली नाही.

जादूगार बराच वेळ फांदीकडे पाहत राहिला.

हंसा शिंकं खांद्याला अडकवून खाली आली. आत सोन्याचे भोवरे होते, मोत्यांच्या गोट्या, पाचूंची विटी, पाचूंचाच दांडू, माणकांच्या चिपांची लगोरी.

"थांब, राणी," कालांजन म्हणाला. "खेळलात तर याचं लाकूड होईल, माती होईल. तसंच घेऊन गेलीस, तर तुझ्या सात पिढ्या बसून खातील."

"बसणं पुरे झालं," राणी म्हणाली.

हंसाने सोन्याच्या भोवऱ्याला दोरी गुंडाळली. रंगाच्या बोटांनी ती नीट धरता येईना, तेव्हा राणीने दोरीचं टोक दाबून धरलं. हंसाने भोवरा फेकला. तो जमिनीवर गुणगुणला, त्याच्या अंगावरचं सोनं कांद्याच्या सालीसारखं निघून उडालं आणि आत साधा लाकडी भोवरा फिरत राहिला. त्याबरोबर शिंक्यातल्या सगळ्या भोवऱ्यांचं सोनं झडलं. गोटीवर गोटी आपटली, मोती काच झाले. हंसाने विटी कोलली, पाचू लाकूड झाले. मग राणीने लगोरी रचली. चेंडू मारला, चुकला. पुन्हा मारला, पुन्हा चुकला. "आईसाहेब, जरा वाका," हंसा म्हणाली. राणी वाकली, नेम धरला, आणि माणकांच्या चिपा खळखळून पडल्या त्या खापराच्या होऊन.

"मुलांनी टाकलेलं माझं होतं," कालांजन म्हणाला. "उचललेलं माझं नाही." त्याने पोतं झटकलं. त्यातून थोडी धूळ पडली. पोतं खांद्यावर टाकून तो निघून गेला. कुणी म्हणतात, भीतीपोटी कुणीतरी त्याला बोलावलं होतं, तिकडेच तो गेला.

परतीची वाट राणीला धड आठवली नाही. मगरीने दोघींना पाठीवरून उतरवून दिलं, माळ एवढासा झाला होता. तरी सूर्य डोंगराला टेकला होता आणि भिंतींवरचा रंग कडेकडेने वाळू लागला होता. तांबट वेशीवर घिरट्या घालीत होता. हंसा वेशीच्या कट्ट्यावर चढली, दोन्ही तळवे तोंडाशी धरले आणि तिने हाक दिली,

"खेळायला याऽऽऽ!"

तळवे दोन्ही होते, बोटं दहाच्या दहा.

हाक गल्लीबोळांतून गेली. आधी तेल्याच्या भिंतीतून एक टाच बाहेर आली. मग गुडघा, मग कोपर, मग धपकन सगळा मुलगा अंगणात पडला आणि उठून पळत सुटला. घराघरांतून धपाधप आवाज येऊ लागले. राजाच्या भिंतीतून तीन मुली एकदम त्याच्या मांडीवर पडणार तोच त्याने तलवार लांब भिरकावली. त्या मुलींनी राजाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याही पळाल्या. राजा हसत होता आणि त्याच्या दाढीत पाणी उतरत होतं. मागे भिंती कोऱ्या राहिल्या, आणि वैशाखातल्या भिंती तापायला हव्यात तशा तापल्या.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली गेली. सकाळची आणि कलत्या उन्हाची वेळ मुलांची. माथ्यावर ऊन आलं की झाडाखालचे खेळ. प्रत्येक मोठ्या झाडाखाली पाण्याचा रांजण भरलेला असावा, आणि काय खेळायचं ते मुलांनीच ठरवावं.

त्याच दिवशी तेलीण मुलाचा फुटलेला गुडघा दाखवायला महालात आली. राणीने स्वतः जखम धुतली, हळद भरली.

"आता कुठे निघालास?" तिने मुलाला विचारलं.

"मैदानात," तो म्हणाला.

"जा."

संध्याकाळ झाली. राणी महालाच्या दारात उभी राहिली. नगरातल्या दारादारांत तशाच बायका उभ्या होत्या. मैदानाकडून आरडाओरडा ऐकू येत होता. कुणीतरी रडलं, मग कुणीतरी हसलं. एकदा राणीचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं, तिने ते मागे घेतलं. मैदानाच्या वाटेकडे पाहू लागली. दिसेनासं होईपर्यंत पाहत राहिली.

मग धुळीतून हंसा आली. केस विस्कटलेले, परकर फाटलेला, तोंड उन्हाने लाल.

"आईसाहेब, भूक लागली."

"आधी पाणी पी," राणी म्हणाली, आणि तिने तांब्या पुढे केला.

त्या नगरात दिवे लागले, मुलं आपापल्या घरी पोचली, आणि आपली गोष्टही घरी पोचली.